नाताळचं रुजवण

डिसेंबर उजाडला की सगळं जग गोव्याकडे यायला निघतं, आणि नेमकं त्याच महिन्यात गोव्यातल्या शाळांना मुलांच्या आईबापांची आठवण होते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत शाळा आपली आपण चालत असते. नाताळ जवळ आला की मात्र पहिलीला चांदीच्या कागदाचा तारा हवा, केजीला सांताक्लॉज हवा, तिसरीला करवंटीची घंटा हवी, आणि सगळं कधी हवं, तर उद्या सकाळी. ज्या महिन्याच्या जोरावर केरी गावातली निम्मी घरं वर्षभर जेवतात, त्या महिन्यात घरी असतं कोण? बाप टॅक्सीत, आई हॉटेलात, आणि दोघांच्याही मोबाइलवर वर्गाचा ग्रुप टिणटिण वाजत असतो. हा ग्रुप ज्याने काढला त्याला पोरंबाळं नसणार, असं सुलक्षाचं ठाम मत होतं.

सुलक्षा केरीची सून. माहेर आमोण्याचं, मांडवीच्या काठचं, शेतीवाडीचं. नवरा गोकुळदास टॅक्सी चालवायचा आणि डिसेंबरात मोपाच्या विमानतळावरच मुक्कामाला असल्यासारखा असायचा. ती स्वतः समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला होती. सकाळची पाळी. मुलं अंथरुणात लोळत असतानाच तिला घर सोडावं लागे. डबे भरून, गणवेश खुर्चीवर मांडून ती जायची, आणि मग शेजारच्या पार्वतीकाकी येऊन दोघांना उठवायच्या, न्हाऊमाखू घालायच्या आणि रस्त्यावर बालरथ आला की आत बसवून द्यायच्या. बालरथ म्हणजे शाळेची पिवळी बस. नाव ऐकून एखाद्याला वाटेल पोरं हत्तीघोड्यांवर बसून शाळेत जातात.

परक्यांच्या खोल्या सुलक्षा अशा आवरायची की तिने ताणलेल्या चादरीवर बसायला पाहुण्यांना संकोच वाटावा. शाळेच्या मागण्यांपुढे मात्र तिचे हात लुळे पडत. हे ग्लू गन, ते थर्माकोल, तो चमकीचा कागद, यांतलं काही तिच्या लहानपणी शाळेत नव्हतं. साईशला, म्हणजे केजीतल्या धाकट्याला, सांताक्लॉज करायचा निरोप आला तेव्हा तिने रात्री बसून कापसाची दाढी केली, आणि घरात गोंद नव्हता म्हणून भाताची खळ लावून चिकटवली. सकाळपर्यंत त्या दाढीत मुंग्यांनी वस्ती केली होती. साईश बालरथात बसेपर्यंत हनुवटी खाजवत होता आणि शाळेत पोचल्यावर त्याने दाढी काढून जी फेकली ती परत कुणाला सापडली नाही.

तारा करायचं काम गोकुळदासने अंगावर घेतलं. तो वाड्यावरचा, म्हणजे त्यांच्या वस्तीतला, नावाजलेला नरकासुर करणारा. दिवाळीच्या आदल्या रात्री जाळायचा तो राक्षस त्याच्या हातचा असला की दुसऱ्या वाड्याची पोरं बघायला यायची. बांबूच्या चिव्या, सुतळी, कागद, सगळं त्याच्या हातातलं. पण माणसाला राक्षसाच्या मापाची सवय झाली की लहान काही सुचत नाही. त्याने केलेला तारा बालरथाच्या दारातून आत जाईना. ड्रायव्हर म्हणाला, "दाजी, ह्याका येगळी गाडी करा." गौरवी, म्हणजे पहिलीतली थोरली, रिकाम्या हाताने शाळेत गेली. तारा अजून घरापुढच्या माडावर टांगलेला आहे आणि खरं सांगायचं तर दिसतो झकास.

गौरवी याबद्दल काही बोलली नाही. ती बोलायचीच नाही, हेच सुलक्षाला जास्त लागायचं. पालकसभेला गोकुळदास जायचा, खेळांच्या दिवशी पार्वतीकाकी जाऊन बसायच्या. एकदा तर टीचरनी काकींनाच आई समजून अभ्यासाच्या चार गोष्टी सुनावल्या आणि काकींनी त्या निमूटपणे ऐकूनही घेतल्या. घरी येऊन त्यांनी हे हसत हसत सांगितलं तेव्हा सुलक्षाही हसली, आणि मग भांडी घासताना बराच वेळ रडली. गौरवीने मात्र आई का येत नाही म्हणून कधी चकार शब्द काढला नव्हता.

म्हणून त्या संध्याकाळी पोर धावत दारापर्यंत आली तेव्हा सुलक्षाला नवलच वाटलं.

"आई, टीचरान विचारला, गोठ्याक हिरवा तण कोण घेवन येतला? कोणीच हात वर केल्यान नाय. मगे मी केलंय."

नाताळात येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, त्यात मातीच्या गाईगुरांभोवती खरंखुरं कोवळं गवत लावतात. शाळेचा गोठा दरवर्षी फाटकाजवळ मांडला जायचा. सुलक्षाने कपाळाला हात लावला.

"तुका कोणी सांगितला हात वर करूक? खंयसून आणतलंय मी तण?"

"पेरूचा. टीचरान सांगितला. ग्रुपार आसा, बघ."

ग्रुपवर खरंच होतं. गोठ्यासाठी गवत हवे. पसरट टोपलीत गहू किंवा नाचणी दहा दिवस आधी पेरावी. सुलक्षाने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा बदलला. टोपली, माती, गहू, दहा दिवस. अहो, हे तर रुजवण!

आमोण्याला तिच्या माहेरी नवरात्रात देवघरात रुजवण घालायचे. पहिल्या माळेला पेरायचं, दसऱ्याला काढायचं. आईचा हात त्यात वाकबगार, आणि आईनंतर घरात कुणाचा हात बसला असेल तर तो सुलक्षाचा. लग्न होऊन केरीला आल्यावर ते सुटलं होतं, कारण सासरी ती रीत नव्हती. इतक्या वर्षांनी शाळेने असं काही मागितलं होतं जे दुकानात मिळत नव्हतं आणि तिला येत होतं.

"ता माका येता," ती म्हणाली. "तुझ्या टीचरीक सांग, माझी आई करतली."

गौरवीने ते टीचरना सांगितलंच, शिवाय बालरथात सांगितलं, मधल्या सुटीत सांगितलं, पार्वतीकाकींना तीनदा सांगितलं. माझी आई करतली. तारा गेला, दाढी गेली, पण हे आई करणार होती आणि आईला ते येत होतं. पोरीने सगळी अब्रू त्या एका टोपलीवर लावली.

सुलक्षाने रीतसर काम केलं. सुटीच्या दिवशी न्हाऊन, अनवाणी जाऊन बांधावरची माती आणली, चाळली. बांबूची नवी टोपली घेतली, तळाशी केळीचं पान घातलं, भिजवलेले गहू पेरले, हळदीचं पाणी शिंपडलं आणि देवघराच्या काळोख्या कोपऱ्यात ठेवून वर दुसरी टोपली पालथी घातली. मुलांना ताकीद दिली, झाकण उघडायचं नाही. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं की आता दहा दिवस घरात मासळी शिजणार नाही.

गोकुळदास नेमका त्या दिवशी घरी जेवायला आला होता. तो ताटावरून उठायचाच बाकी राहिला.

"अगो, ही नवरात्र की नाताळ? भायर बांगडो फडफडता आणि तू माका मूग घालतंस?"

"घरात रुजवण आसा."

"ता किरिस्तांवांच्या गोठ्याक जातला! त्यांच्यात नाताळाक मासळी-मटण सगळा चलता."

"देव कोणाचो का असो ना, रुजवण ता रुजवण."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. केरीसारख्या मासळीच्या गावात, ऐन डिसेंबरात, येशूच्या जन्मासाठी एका घरात मुगाची उसळ शिजू लागली. पार्वतीकाकींनी सगळ्या वाड्याला सांगून ठेवलं, त्यामुळे गोकुळदासला टॅक्सी स्टँडवरही कुणी बांगड्याचा तळलेला तुकडा देईना. धर्म बुडवायचं पाप कोण घेणार?

रोज संध्याकाळी सुलक्षा हातपाय धुऊन देवघरात जायची, टोपली जराशी कलती करून पाणी शिंपडायची आणि पुन्हा झाकायची. कोंब आले, वाढले, वीतभर झाले. दाट, सरळ, एकसारखे. तिला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं. गौरवी दाराशी उभी राहून रोज तेच विचारायची, "बरा इला?" आणि सुलक्षा म्हणायची, "टीचर बघतच रवतली."

शाळेचा नाताळचा कार्यक्रम सुटी लागायच्या आदल्या दिवशी होता. दिवसभरात गोठा मांडायचा आणि संध्याकाळी पालकांसमोर गाणी, नाच, नाटुकलं. त्या दिवशी सकाळी सुलक्षाने कामावर जाण्याआधी गौरवीला मुद्दाम लवकर उठवलं. पोरीला देवघरात नेलं, दिवा लावला आणि वरची टोपली उचलली.

सोनं होतं सोनं. हळदीच्या रंगाचं, लुसलुशीत, काठोकाठ भरलेलं. माहेरी असं रुजवण उतरलं की आई देवापुढे डोकं टेकायची आणि दसऱ्याला ते बायकांच्या केसांत, पुरुषांच्या कानांवर मानाने जायचं. इतकं सुरेख पिवळं आईच्या हातचंही कधी झालं नव्हतं. सुलक्षा लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

गौरवीने एक कोंब चिमटीत धरून पाहिला.

"आई, ह्या मेला," ती म्हणाली.

"मेला?" सुलक्षा खवळली. "जिभेक हाड आसा काय तुझ्या? देवाच्या टोपलीक मेला म्हणतंस?"

"टीचरान हिरवा सांगितला. तण हिरवा आसता." आणि पोर तिथेच खाली बसली, गुडघ्यांत तोंड खुपसून. आरडाओरडा नाही, हातपाय आपटणं नाही. नुसती पाठ हलत होती.

सुलक्षाचा राग जागच्या जागी विरला. खरंच की! गोठ्यातल्या गुरांपुढे पिवळं गवत कोण घालतं? शाळेने गवत मागितलं होतं, आणि तिने देवीचं रुजवण पिकवून ठेवलं होतं. काळोखात जपलं म्हणून ते पिवळं झालं होतं. आमोण्याला सगळी खटपट त्या पिवळेपणासाठीच तर असायची. एक गोष्ट तिला येत होती, तीही तिने इतकी नीट केली की फुकट गेली. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने गोकुळदासला फोन लावला. तो विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

"हिरवो रंग मार," तो म्हणाला. "नरकासुराचो उरलोलो डबो पडवीत आसा. फवारो मारलंस काय दोन मिनिटांत काम."

"रुजवणाक रंग? तोंडात किडे पडतले तुझ्या," म्हणत तिने फोन ठेवला. पण खरं सांगायला हवं, ती पडवीपर्यंत जाऊन तो डबा हातात घेऊन आली होती. गौरवीने मान वर करून डब्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेसमोर तिला तो डबा धरवेना. तिने तो खाली ठेवला आणि आमोण्याला आईला फोन केला.

चंद्रावतीबाईंना आधी काही कळेचना. दसरा कधीच झाला, आता कसलं रुजवण? सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "अगो, उजेड लागलो काय हिरवा जाता, म्हणान तर आपण झाकतंव. आणि तू माका उलटा विचारतंस?"

"आज हिरवाच जाय, आई. सांजेपर्यंत."

"मगे उन्हात ठेव. जन्मात पयल्यांदा आयकतंय असला."

ऊन! सुलक्षाने बाहेर पाहिलं. घर माडांत बुडालेलं. अंगणात उन्हाचा कवडसा यायला दहा वाजत आणि बाराला तोही पळून जाई. ऊन होतं ते शाळेच्या मैदानावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, धो धो. टोपली बालरथातून पाठवली तर शिपाई ती कुठल्या तरी खोलीत ठेवून मोकळा होणार. तिने फार विचार केला नाही. साईशला पार्वतीकाकींच्या हवाली केलं, टोपली स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवली, गौरवीला मागे बसवलं आणि कामाचा रस्ता सोडून शाळेचा धरला. उन्हात ठेवायची, टीचरना सांगायचं आणि तसंच हॉटेलवर जायचं, थोडा उशीर होईल इतकंच, असा तिचा हिशेब होता.

शाळेत आंजेला टीचर भेटल्या. पहिलीच्या वर्गाच्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, गौरवीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि शहाण्या बाईसारखं काही विचारलं नाही. "दवर थंय, मैदानार," एवढंच म्हणाल्या. गौरवी मान खाली घालून वर्गात गेली.

सुलक्षाने टोपली मैदानाच्या मध्यावर ठेवली आणि स्कूटरपाशी आली. मागे वळून बघते तर एक वासरू. शाळेच्या कुंपणाला भगदाड होतं आणि वाड्यावरची गुरं तिथून येऊन मैदानावर हक्काने चरायची. ती "हाड, हाड" करत पोचेपर्यंत वासराने एका कोपऱ्यातला घास घेतलाही होता. वासराला हाकललं, तर कावळे उतरले. कावळे उडवले, तर मोठ्या वर्गाची पोरं फुटबॉल घेऊन आली. आणि तेवढ्या वेळात आंब्याच्या झाडाची सावली सरकत टोपलीपाशी आली. सुलक्षा मैदानात उभी राहिली आणि तिला कळून चुकलं, की ही टोपली इथे एकटी राहायची नाही.

तिने सुपरवायझर निलेशला फोन केला.

"निलेशबाब, माका आज येवक जमाचा नाय."

नाताळच्या आठवड्यात सुटी मागणं म्हणजे लग्नात नवरी मुलगी मागण्यासारखं. "काय झाला?" निलेशने विचारलं.

"तणाक ऊन दाखवूचा आसा."

"काय?"

तिने सगळं सांगितलं. निलेश आधी हसला, मग चिडला. "सुलक्षा, हॉटेल भरून वाहता. असली कारणां माका सांगू नकोस. ताप इलो म्हण, सासू गेली म्हण, ता मी वर सांगू शकतंय."

"सासू कधीच गेली, निलेशबाब. खोटा कित्याक सांगू?"

"मगे उद्यापासून तुका लाँड्रीत घालतलंय."

"घाला," ती म्हणाली. लाँड्रीत दिवसभर वाफेत उभं राहावं लागे, पाहुण्यांची बक्षिसी नाही, वाऱ्याची झुळूक नाही. तरीही तिने रुमाल डोक्यावर घेतला आणि टोपलीशेजारी जमिनीवर बसकण मारली.

वाळवण राखायला बसावं तशी ती तिथे बसून राहिली. सावली सरकली की टोपली सरकवायची, माती सुकली की नळावरून ओंजळभर पाणी आणायचं, वासरू आलं की खडा मारायचा. ऊन डोक्यावर आलं. आयुष्यभर जे रुजवणाला होऊ द्यायचं नाही म्हणून जपलं, तेच आता ती टक लावून शोधत होती. तासाभराने तिला वाटलं, शेंड्यांवर काहीतरी फरक आहे. मग वाटलं, नसेल, आपलेच डोळे. तिने देवीची क्षमा मागितली आणि लगेच तिलाच हिरवं कर म्हणून साकडंही घातलं.

मधली सुटी झाली. पहिलीचा अख्खा वर्ग मैदानावर धावत आला आणि टोपलीभोवती कोंडाळं झालं. गौरवी सगळ्यांत मागे होती. एका पोराने विचारलं, "ही कोण?"

"माझी आई," गौरवी म्हणाली. मग पुढे येऊन, पोरांना बाजूला करत, जरा मोठ्याने, "माझी आई ही."

"ह्या पिवळा कित्याक?"

गौरवीने आईकडे पाहिलं. सुलक्षा काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आता हिरवा जातला. आई करता."

घंटा झाली, पोरं पळाली. त्यानंतर पहिलीच्या वर्गाच्या खिडकीत अधूनमधून एक वेणी दिसायची, एक डोळा दिसायचा. सुलक्षाने हात केला की तो गजांमागे नाहीसा व्हायचा आणि जरा वेळाने परत यायचा. आत टीचर ओरडत असणार.

दुपारी आंजेला टीचर स्वतः चहा घेऊन आल्या, बशीत खोबऱ्याचं बिस्किट. पदर सावरून त्या शेजारीच मातीत बसल्या आणि टोपलीकडे बघू लागल्या.

"काळखांत दवरलें न्हय?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरा माय नाचणो पेरी नारलाच्या करट्यांत, आनी छपरार उन्हांत दवरी. आमचें तण सगळ्यांत हिरवें जावंक जाय म्हूण शेजाऱ्यांकडेन झगडी."

"आमच्यात पिवळ्याक मान," सुलक्षा म्हणाली. "म्हणान चूक झाली."

"चूक कसली?" टीचर म्हणाल्या. "म्हजी चूक. हांवें ग्रुपार समजावन बरोवंक जाय आशिल्लें." आणि मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तूं गौरवीची माय न्हय? मग ती म्हातारी बाय कोण येता ती?"

दोघी हसल्या. सुलक्षाच्या डोळ्यांना या खेपेला हसूनच पाणी आलं.

चार वाजायच्या सुमाराला शंका उरली नाही. शेंडे हिरवे, मधलं अंग पोपटी, बुडाशी अजून पिवळं. अगदी बाजारातल्या चित्रातल्यासारखं हिरवंगार नव्हे, पण गवत म्हणावं असं झालं. फाटकाजवळ गोठा उभा होता. टीचरनी टोपलीतून मातीसकट तुकडे कापून गुरांभोवती बसवले, आणि वासराने खाल्लेल्या कोपऱ्यात एक मातीचा मेंढपाळ उभा करून दिला. कुणाला काही कळलं नाही. शाळा चालवणाऱ्या सिस्टर आल्या, बघून गेल्या. पालक आले, मोबाइलवर फोटो काढून गेले. एक बाई दुसरीला म्हणाली, "तण बरा केल्यानी." सुलक्षा त्यांच्या अगदी मागे उभी होती, डोक्यावर रुमाल, पायांना माती. तिने ते वाक्य ऐकलं आणि मनातल्या मनात पुन्हा ऐकलं.

कार्यक्रम झाला. गौरवी ताऱ्यांच्या नाचात मागच्या रांगेत होती. तिचे हात सगळ्यांच्या उलटे जात होते, कारण ती नाचापेक्षा आई कुठे बसली आहे तेच बघत होती. पार्वतीकाकी साईशला घेऊन आल्या होत्या, आणि गोकुळदासही एका गिऱ्हाइकाला सोडून उभ्या उभ्या येऊन गेला. जाताना त्याने बायकोच्या कानाशी येऊन विचारलं, "रुजवण गेला मां घरातसून? मगे आज बांगडे हाडू?" ती मानेनेच हो म्हणाली.

परतताना साईश पार्वतीकाकींबरोबर बालरथातून गेला आणि गौरवी आईच्या मागे स्कूटरवर बसली. दोन्ही बाजूंनी घराघरांवर तारे लागले होते. सुलक्षाच्या डोक्यात उद्याची लाँड्री होती, ती वाफ, तो साबणाचा वास. एक दिवस गेला, एक टोपली गवत झालं. हे आपण शहाणपणाचं केलं की वेडेपणाचं, ते तिला ठरवता येईना. पोरीची जबान राहिली, एवढं खरं. वर्गात तिला तोंड लपवावं लागलं नाही.

"आई," गौरवी तिच्या पाठीला गाल टेकून म्हणाली.

"काय गो?"

"फुडल्या वर्षा पण तू तण पिवळाच कर."

"पिवळा? आणि सकाळी कोण रडत होता मगे?"

"पिवळा झाला काय तू दिसभर शाळेत बसतलंस."

थोडं पुढे जाऊन सुलक्षाने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. पुढचं काही दिसेना. तिने रुमालाने तोंड पुसलं, परत पुसलं. मागे पोर वाट बघत होती.

"आई, पेट्रोल संपला?"

"होय," सुलक्षा म्हणाली. "संपला. जरा थांब."